बंद लॅपटॉपचं रीडिंग

१

माणूस निवृत्त होतो, त्याची सवय होत नाही. रंगनाथ बोरस्त्यांचं, म्हणजे अण्णांचं, तसंच होतं. एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. नाशिकच्या सिडकोतली एकूण एक गल्ली त्यांनी आधी सायकलवर आणि मग लुनावर पालथी घातली होती. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी सकाळी तोंड धुवायच्या आधी पोर्चमध्ये जाऊन स्वतःच्याच घराच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे. त्यासाठी लाल पुठ्ठ्याची लांबडी वही होती. तारीख, वेळ, आकडा. बायको साळूबाई म्हणायच्या, "देवाच्या आधी त्या डबीला हात जोडता. नरकात जाल." त्यावर अण्णा म्हणायचे, "तिथंही मीटर असेलच की. कोणी तरी वाचायला पाहिजे."

ही थट्टा महेश होता तेव्हाची. महेश म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. तेहेतीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून घरूनच करायचा. सात महिन्यांपूर्वी एका बुधवारी दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. अण्णांनी मान हलवली. अमरधाममध्ये रडले नाहीत, रामकुंडावर अस्थी सोडतानाही नाहीत. दहाव्याला कोणीतरी म्हणालं, "मोठा खंबीर माणूस." अण्णांना ते ऐकू आलं. खंबीर कसले डोंबलाचे! आत काही हलतच नव्हतं, एवढंच. घास तोंडात जायचा, चव लागायची नाही. एकदा उकळता चहा तसाच घशाखाली उतरवला. साळूबाईंनी पलंगावरून "अहो, पोळलं असंल!" म्हटलं, तेव्हा त्यांनी जिभेला बोट लावून पाहिलं.

साळूबाईंनी मात्र अंथरूण धरलं. सात महिने उठल्या नाहीत. दुपार झाली की अगदीच मलूल पडायच्या, हात गार व्हायचे. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट चांगले आले. निफाडची धाकटी बहीण लताबाई महिनाभर येऊन राहिली आणि जाताना म्हणाली, "पोराचं दुःख हाय भावजी, त्याला औषध नाय." सगळे तेच धरून चालले.

२

लॅपटॉपचा विषय निघाला तो वेदिकामुळे. उज्वलाची, म्हणजे अण्णांच्या थोरल्या लेकीची ही मुलगी यंदा इंजिनीअरिंगला लागली. "नवा कशाला, अण्णा? मामाचाच देता का?" असं तिनं फोनवर विचारलं. पोर गुणाची. अण्णा हो म्हणाले आणि सात महिन्यांत पहिल्यांदा वरची खोली उघडली.

खोली होती तशीच होती. खिडकीशी टेबल, टेबलावर मिटलेला लॅपटॉप, पुढे चाकांची काळी खुर्ची, मागे पलंग. खुर्चीवर बसणाऱ्याची पाठ दाराकडे. अण्णांनी धूळ पुसली, चार्जर लावला, शंभर टक्के होऊ दिलं आणि पद्धतशीर शटडाउन केलं. चार्जर काढून गुंडाळून ठेवला. वेदिका रविवारी न्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज चालू केला तर एक्याण्णव. असेल, जुना आहे. पुन्हा शंभर केला, पुन्हा बंद केला. दुसऱ्या सकाळी त्र्याऐंशी. तिसऱ्या सकाळी सत्तर.

दुसरा कोणी असता तर "बॅटरी गेली" म्हणून मोकळा झाला असता. पण अण्णांची उभी हयात एका वाक्यावर गेली होती: लोड असल्याशिवाय आकडा हलत नाही. आकडा हललाय ना, मग कुठं तरी कोणी तरी दिव्याखाली बसलंय. बंद घरात युनिट पडलेले त्यांनी पुष्कळ पाहिले होते. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचंच. चालू राहिलेला फ्रिज, नाही तर मागच्या बाजूनं शेजाऱ्यानं ओढलेली वायर. अण्णांनी लाल वही उलटी करून शेवटच्या पानावर नवे रकाने आखले. बंद करताना किती, उघडताना किती, फरक किती.

त्याच आठवड्यात साळूबाई उठल्या. आपापल्याच उठल्या, कोणी सांगितलं नाही. ओट्याशी उभं राहून पिठलं टाकलं. उज्वला फोनवर रडली, आनंदानं. "काळ जावा लागतो अण्णा," म्हणाली. अण्णांना पिठल्याची चव लागली नाही, पण बायको उभी आहे हे बघून त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आता या जगात त्यांना हवं असं तेवढंच एक उरलं होतं. ही उभी राहावी.

३

त्रिमूर्ती चौकाजवळ निकिताचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगी तोंडानं फटकळ, हातानं कसबी. अण्णांनी वहीच पुढे केली.

"अगंबाई! लाइटवाले काका, तुम्ही लॅपटॉपचंही बिल काढणार का?"

"फरक बघ. बंद असताना पडतोय."

"काका, हल्ली बंद म्हणजे पुरतं बंद नसतं. लवकर चालू व्हावा म्हणून तो अर्धा जागाच राहतो. ते मी काढून टाकते. बंद असतानाही मोबाइल चार्ज करता यावा म्हणून एक सोय असते, तीही काढते. नेटवरून जागं करायची सोय असते, तीही. माउसचा तो चिमुकला तुकडा लावून ठेवलाय, तो उपटा." तिची बोटं भराभर चालत होती. मग तिनं बॅटरीचा रिपोर्ट काढला आणि पडद्यावरून बोट फिरवत खाली आली. "तुम्ही शटडाउन केलं, इथं. सकाळी चालू केलं, इथं. मधे काही नाही. म्हणजे हा खरंच बंद होता."

"आणि आकडा?"

"आकडा पडलाय. मधे काही नाही आणि आकडा पडलाय." तिनं डोकं खाजवलं. "दोन दिवस ठेवून जा माझ्याकडे."

दोन दिवस लॅपटॉप दुकानात राहिला. निकितानं शंभरवर बंद केला, दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशीही शंभर. "घ्या काका, ठणठणीत! सेटिंगचाच घोळ होता."

त्या दोन्ही दुपारी साळूबाई परत आडव्या झाल्या होत्या. चक्कर, अंगावर घाम, हातपाय गार. अण्णांना वाटलं, चतुर्थीचा उपास बाधला. बिस्किटं खायला लावली आणि लॅपटॉप आणायला गेले.

४

घरी आणून महेशच्या टेबलावर ठेवला. रविवारची वेदिकाची फेरी पुढं ढकलली, थोडं काम बाकी आहे म्हणून सांगितलं. सगळ्या सोयी काढलेल्या, माउसचा तुकडा उपटलेला, शटडाउन करून झाकण लावलेलं. सकाळी बासष्ट.

मग अण्णांनी दर तासाला रीडिंग घ्यायचं ठरवलं. गुडघे दुखायचे, पण जिना चढायचे. चालू करायचं, आकडा बघायचा, लगेच बंद. सकाळी नऊपासून दोनपर्यंत आकडा जवळजवळ जागच्या जागी. चालू-बंद करण्यात जायचं तेवढंच जायचं. तीन वाजता घसरलेला. चारला आणखी. साडेचारनंतर पुन्हा स्थिर, तो थेट दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. मग दोन ते तीनची पाच-पाच मिनिटं केली आणि जागा सापडली. दोन वाजून दहा मिनिटांनी लोड चालू व्हायचा, साडेचारला बंद व्हायचा.

हे लिहिताना अण्णांचा हात थांबला नाही, पण डोकं थांबलं.

त्या बुधवारी महेशची दोनची मीटिंग होती. मीटिंग असली की दार लोटलेलं, कानावर हेडफोन, कोणी आवाज द्यायचा नाही, असा घरातला नियम. साळूबाई चार वाजता चहाचा कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून यायच्या. तो मीटिंग संपली की घ्यायचा. त्या दिवशी सव्वादोनच्या सुमाराला अण्णा गच्चीवर टाकी बघायला वर गेले होते. येताना त्यांनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. पाठमोरा महेश खुर्चीत बसलेला, मान किंचित खाली. काम करतोय म्हणून ते खाली उतरले. साडेचारला साळूबाईंनी पाहिलं तर चहा तसाच, वर साय धरलेली. मग दार ढकललं.

कंपनीतल्या मुलांनी नंतर सांगितलं, दोन वाजून दहा मिनिटांनी तो बोलता बोलता गप्प झाला. त्यांना वाटलं, नेट गेलं.

बंद घर असलं की मीटर रीडर काय करतो? जाळीतून डोकावतो, एक नजर टाकतो, "घर बंद" असा शेरा मारतो आणि पुढच्या दाराला जातो. किती वेळ लागतो? तीन सेकंद. फटीतून अण्णांनी तेवढंच पाहिलं होतं. हे त्यांनी आजपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं, साळूबाईंनाही नाही. सांगायचं म्हटलं तर निदान घसा तरी दाटायला हवा होता, आणि तो दाटत नव्हता.

५

"काका, आता एकच उपाय," निकिता म्हणाली. "बॅटरीच सोडवून ठेवू. आत लोड असेल तर बॅटरीशिवाय तो कोणाचं खाणार?" तिनं स्क्रू काढले, बॅटरी बाहेर काढून अण्णांच्या पिशवीत वेगळी घातली. "जुनी झालीये तशीही. नवी मागवते. सोमवारपर्यंत येईल."

अण्णांनी बॅटरी देवघराच्या फळीवर ठेवली आणि रिकामा लॅपटॉप वर टेबलावर. सकाळ गेली. साळूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या. अण्णा हॉलमध्ये पेपर पुढे धरून घड्याळ बघत होते.

दोन दहाला गुणगुणणं थांबलं. मग ताट पडल्याचा आवाज आला.

साळूबाई फरशीवर एका अंगावर कलंडल्या होत्या. डोळे उघडे, ओठ पांढरे. अण्णांनी कपाटातलं बीपीचं मशीन आणून पट्टा बांधला. अठ्ठ्याहत्तर, पन्नास. पुन्हा बटण दाबलं. बहात्तर, सेहेचाळीस. आकडा पडत होता. आणि वर, डोक्यावरच्या छतातून, खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. कर्र... आणि थोडं थांबून, कर्र. महेश टेबलाजवळ सरकून बसायचा तेव्हा यायचा तसाच.

लाइटच्या कामात आयुष्य काढलेल्या माणसाला काही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. जुन्या नाशकातल्या चाळींत विजेच्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेला की लोक काय करायचे? मीटरपेटी उघडून आपली वायर चालू फेजवर टाकायचे. लोड अंधारात बसून राहत नाही. एक फेज गेला की दुसरा धरतो. दुकानातले दोन दिवस. त्याआधीचे सात महिने. अण्णांनी हे सगळं लसणाच्या सालांत गुडघे टेकून एका क्षणात जुळवलं.

ते जिना कसे चढले त्यांना कळलं नाही. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलाला चिकटलेली होती. सकाळी त्यांनीच ती मागे ओढून ठेवली होती. गुंडाळलेला चार्जर सोडवला, लॅपटॉपला खुपसला, भिंतीवरचं बटण दाबलं. हात थरथरत नव्हते.

खालून आवाज आला, "अहो, पाणी देता का जरा?"

६

त्या दिवसापासून चार्जर काढायचा नाही, बटण बंद करायचं नाही. अण्णांनी बटणावर चिकटपट्टी लावली. वेदिकाला सांगितलं की लॅपटॉप दुरुस्त होत नाही, तुला दिवाळीला नवा घेऊ. निकिताकडून जुनी बॅटरी परत बसवून आणली, नवी येईपर्यंत आधाराला. तेवढा वेळ भर सकाळी नऊचा काढला, दोनच्या खूप आधी. निकिता म्हणाली, "काका, तुम्ही बरे आहात ना? तोंड उतरलंय." अण्णा म्हणाले, "मला काय झालंय?" आणि ते खरंच होतं. त्यांना काही झालेलं नव्हतं.

साळूबाई छान झाल्या. भाजी आणायला स्वतः जाऊ लागल्या, भाजीवालीशी भांडू लागल्या. अण्णा दुपारी पोर्चमध्ये स्टूल टाकून मीटरखाली बसायचे. घरातलं बाकी सगळं बंद करून बघायचे. मीटरवर एक लाल ठिपका असतो, वीज खाल्ली जाईल तसा तो लुकलुकतो. तो चार्जर पासष्ट वॅटचा. त्याच्यानं ठिपका सतरा-अठरा सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. दोन दहाला तो चार-साडेचार सेकंदांनी लुकलुकायला लागायचा. म्हणजे अडीचशे वॅट. पासष्टच्या चार्जरमधून अडीचशे जात नाहीत, असं कोणीही सांगेल, अण्णांनीही सांगितलं असतं. पण जात होते. पुढच्या आठवड्यात तीनशे झाले.

वहीत आता दोन रकाने होते. एक मीटरचा, एक साळूबाईंच्या बीपीचा. दोन्ही रोज लिहायचे.

एका दुपारी साळूबाई पदराला हात पुसत पोर्चमध्ये आल्या.

"अहो, चारचा चहा ठेवू का वर?"

अण्णा ठिपक्याकडे बघत राहिले. "कोणासाठी?"

"खुर्ची वाजती ना. मला वाटलं, तुम्हालाबी ऐकू येतं."

"नको ठेवू," अण्णा म्हणाले. "आणि वर जाऊ नको. जिना चढवत नाही तुला."

साळूबाईंनी वाद घातला नाही. "बरं वाटतं मला आवाज आला की," एवढं म्हणून आत गेल्या. अण्णांना वाटलं, हिला बरं वाटतं. मला काय वाटतं? त्यांनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

७

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला. देखभाल-दुरुस्तीसाठी शनिवारी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच वीजपुरवठा बंद.

आता बोला! शनिवारचं शटडाउन नाशिककरांना नवं नाही. कारखान्यांना सुट्टी तेव्हाच असते आणि तारांची कामंही तेव्हाच निघतात. अण्णांनी नोकरीत असे शेकडो शनिवार पाहिले होते. घरात इन्व्हर्टर मात्र नव्हता. वीज कंपनीच्या माणसानं इन्व्हर्टर घ्यायचा म्हणजे वैद्यानं दुसऱ्या वैद्याची पुडी खायची, असं ते दहा वर्षं ऐटीत सांगत आले होते. जुन्या ओळखीच्या दोघांना फोन लावले. एक म्हणाला, "अण्णा, मेन लाइनचं काम हाय, कसं थांबवू?" दुसऱ्यानं उचललाच नाही. निकिताला विचारलं तर नवी बॅटरी लांबलेली, आता येत्या सोमवारीच. जुन्यात जीव किती? तीनशे वॅटला पाच-सात मिनिटं.

अण्णा रात्रभर नाही, पण चहा पिऊन होईपर्यंत विचार करत बसले. लोड त्या खोलीत आहे. लॅपटॉप नेऊन उपयोग नाही, दुकानात नेला होता तेव्हा ते दिसलंच. बॅटरी संपली की तो दुसरा फेज धरणार. घरात दोन फेज, साळू आणि मी. एक फेज घरातून हलवला, की उरला एक.

इतका साधा हिशेब होता. त्यांना भीती वाटली नाही. उलट, वाटलंच असेल तर थोडं बरं वाटलं, की आपण कशाला तरी उपयोगी पडू. घे बाबा, तेव्हा नुसतं बघून गेलो. आता बसतो तुझ्याजवळ.

"लताकडे जाऊन ये दोन दिवस," ते साळूबाईंना म्हणाले. "द्राक्षबागेत छाटणी चालू असेल. हवा बदलेल."

"आणि तुमच्या जेवणाचं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

शनिवारी सकाळी आठच्या एसटीत त्यांनी साळूबाईंना सीबीएसवर बसवून दिलं. खिडकीतून साळूबाईंनी हात बाहेर काढला. "उसळीचा डबा वरच्या फळीवर हाय. खाताल ना?" अण्णांनी मान हलवली. गाडी सुटली. साडेनऊला साळूबाईंचा फोन आला. पोचले, लतानं चहा टाकलाय.

अण्णांनी स्वतःचं बीपी घेतलं. वहीत तिसरा रकाना आखला आणि वर "रंगनाथ" असं लिहिलं. एकशे वीस, ऐंशी, नाडी बहात्तर.

८

दीड वाजता ते वर गेले. पंखे बंद, फ्रिज बंद, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा आवाज बंद. लांब कुठं तरी कोणी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. अण्णा महेशच्या पलंगावर बसले, खुर्चीच्या बरोब्बर मागं, दोन हातांवर. लॅपटॉप उघडून चालू करून ठेवला होता, आकडा दिसत राहावा म्हणून. वही मांडीवर. बीपीचं मशीन शेजारी, त्याला सेल लागतात, लाइट लागत नाही.

दोन वाजून नऊ मिनिटं. सत्त्याऐंशी.

दोन दहा. खुर्ची कर्र वाजली आणि टेबलाजवळ सरकली. अण्णांनी डोळ्यांनी पाहिलं. बैठकीचा रेक्झिन मधोमध खाली दबला.

दोन बाराला बावन्न. दोन तेराला एकतीस. अण्णा लिहीत होते. दोन पंधराला सहा.

पडदा काळा झाला.

काळ्या काचेत खोली उमटली. दारातला उजेड, भिंत, पलंगावर पांढऱ्या सदऱ्यातले ते स्वतः. आणि त्यांच्या पुढं, खुर्चीत, कोणाचं तरी खाली वाकलेलं डोकं. अण्णांनी मान वर करून खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. काचेत पाहिलं, तर होतं. महेशचं होतं का? शपथेवर सांगता आलं नसतं. केस तसे होते.

"आलो बघ," अण्णा म्हणाले. मनगट पुढं करून खुर्चीच्या हातावर ठेवलं. "घे."

काचेतलं डोकं हळूहळू वर झालं. चेहरा काळा होता, मागून उजेड असल्यावर होतो तसा. त्यानं काचेतून अण्णांकडे पाहिलं. पुरतं पाहिलं. एक, दोन, तीन. बंद घराच्या जाळीतून मीटर रीडर बघतो, तेवढाच वेळ.

मग नजर निघून गेली. खुर्ची कर्र वाजली आणि अर्धी वळून भिंतीकडे तोंड करून थांबली. त्या भिंतीवर काही नाही. भिंतीपलीकडे गल्ली, गल्लीपलीकडे हायवे, आणि मग निफाडची दिशा.

अण्णांना कळलं. सगळ्यात आधी त्यांच्या पायांना कळलं, ते ताडकन उठून उभे राहिले. तासातासाचं रीडिंग घेत होते तेव्हा ते याच खोलीत, खुर्चीपासून हातभर अंतरावर असायचे. त्यातल्या एकाही दिवशी त्यांना चक्कर आली नव्हती. सात महिन्यांत एकदाही नाही. जवळचा फेज मोजला होता त्यांनी. चालू फेज कुठला, ते तपासलंच नव्हतं. नवशिक्या हेल्परनंही केली नसती अशी चूक.

"महेश! अरे, मी आहे ना इथं! इकडं बघ! माझं घे की रे, माझं घे!" त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे फिरवायला जोर लावला. चाकांची खुर्ची जागची हलली नाही. दबलेला रेक्झिन कोमट होता.

मोबाइल वाजला. लताबाई.

"भावजी! अहो, ताई... आत्ता ओट्यावर शेंगा सोलत बसली होती, चांगली बोलत होती, अन् एकदम मानच टाकली. डॉक्टरला आणायला गेलेत. हात लय गार पडलेत हो. बोलतच नाय. ताई! ए ताई! भावजी, तुम्ही निघा, आत्ताच्या आत्ता निघा!"

"किती वाजले होते?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"मान टाकली तेव्हा."

"सव्वादोन असतील... हे काय इचारताय तुम्ही भावजी?" मागं कोणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. फोन तसाच चालू राहिला आणि मग बंद पडला.

अण्णांनी साळूबाईंच्या रकान्यात वेळ लिहिली. दोन पंधरा. त्यापुढं लिहायला आकडा नव्हता. मग ते पलंगावर बसले, डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगला, आवळला, सैल झाला. मशीननं पिक् केलं.

एकशे वीस, ऐंशी. नाडी बहात्तर.

सकाळचं रीडिंग वरच्याच ओळीत होतं. त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक ताडून पाहिले, फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि निफाडला जायचं म्हणून पलंगाखाली चपला शोधू लागले.